उत्तर येईपर्यंत

दादाने "रविवारी सगळे मिळून जेवू या" म्हटलं, तेव्हाच भिंगरी सावध झाली होती. या घरात कुणी सगळ्यांना एकत्र बोलावलं की जेवण हे नुसतं निमित्त असायचं. आत्याच्या दुसऱ्या लग्नाचा निकाल याच टेबलावर लागला होता. बाबांनी विमानाच्या वर्कशॉपमधली नोकरी सोडायची नाही, हेही इथेच ठरलं होतं. आणि आठ वर्षांपूर्वी याच टेबलाच्या याच कोपऱ्यावर बसून तिने आपण उडणं सोडल्याचं सांगितलं होतं. तेव्हा कुणी का म्हणून विचारलं नव्हतं. आईने तिच्या ताटात डावभर भात जास्त वाढला होता, एवढंच.

आज माणसं जास्त म्हणून टेबलाला इस्त्रीचं टेबल जोडलं होतं. ते वीतभर बुटकं. त्यामुळे त्या टोकाला बसलेली आत्या आणि भिंगरीची नऊ वर्षांची लेक दोघी खड्ड्यात बसल्यासारख्या दिसत होत्या.

"मला या घरात कायम तळघरातच बसवतात," आत्या म्हणाली. "एकीला आकाश आणि एकीला तळघर. बाप तोच, नशीब वेगळं."

"आत्या, तुझा बाप आणि तिचा बाप वेगळे," दादा म्हणाला.

"घराणं तर एकच ना? माझ्या बापानं सायकली दुरुस्त केल्या, भावानं विमानाची इंजिनं, आणि ही थेट ढगात. चाकावरून पंखावर गेलो आपण. आता हिची लेक कुठं जाते ते बघायचं."

लेक हसली नाही. बशीतला बटाटा ती काट्याने इकडून तिकडे ढकलत होती. तिच्या शेजारी तिचा बाप, भिंगरीचा नवरा, पावाचा तुकडा मोडून तिच्या बशीत ठेवत होता. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून सासरची मंडळी त्याला मास्तर म्हणायची. टेबलावर सगळ्यांत कमी बोलणारा तोच, आणि म्हणून सगळ्यांना आपापल्या बाजूचा वाटणारा.

"किती वाजता निघायचंय तुला?" आईने विचारलं.

"चहाच्या आधी." आठ वर्षांनी पुन्हा वैमानिक म्हणून रुजू होण्याआधी आज तिची परीक्षा होती.

"चहा घेऊन जा."

"आई, उशीर होईल."

"मग चहा लवकर टाकते."

आईचं भांडण असंच असायचं. त्याला धार नसायची, पण त्यातून सुटकाही नसायची.

दादाने पाण्याचा पेला खाली ठेवला. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला नंबर वाढलाय हे सांगताना तो ठेवायचा तसाच, अगदी अलगद.

"मी एका माणसाशी बोललो," तो म्हणाला. "वैमानिकांना शिकवायची संस्था आहे त्यांची. त्यांना शिकवायला माणूस हवंय. वर्ग, फळा, संध्याकाळी सुट्टी. तू विमानाजवळच असशील, भिंगरे. फक्त विमान जमिनीवर असेल."

"म्हणजे पोहायला शिकवायचं, पण काठावर टॉवेल गुंडाळून," आत्या म्हणाली.

"आत्या, चेष्टा नको. ती नापास झालीय."

आईचा डाव भातात रुतून राहिला.

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. बाबा मिठाच्या डबीकडे पाहत होते. त्यांचा डावा कान इंजिनांनी कधीचाच खाल्ला होता. नको ते ऐकू न यायला तो कान फार उपयोगी पडायचा.

"बाबा, तुम्ही सांगितलंत?"

"मी सांगितलं नाही," बाबा म्हणाले. "माझ्याकडून सांगितलं गेलं."

"नापास म्हणजे?" आईचा आवाज बारीक झाला होता. "पडलं का विमान?"

"नाही गं. खोटं विमान असतं ते, आई. सिम्युलेटर. खोलीएवढा डबा, उंच पायांवर उभा. आत सगळं खरं, बाहेरचं आकाश तेवढं खोटं. आणि पडलं नाही. नीट उतरलं."

"मग नापास का?"

भिंगरीने दोन पेले उचलून आईसमोर ठेवले.

"ही दोन इंजिनं. एक बिघडलं. कॅप्टन विमान सांभाळतो, मी बिघडलेलं इंजिन बंद करायचं. पण लगेच नाही. कळीवर हात ठेवायचा आणि विचारायचं, डावं इंजिन, बरोबर? त्यानं डोळ्यांनी बघायचं आणि बरोबर म्हणायचं. तोपर्यंत कळ हलवायची नाही. मी विचारलं आणि ओढली. त्याचं उत्तर यायच्या आत."

"चुकीचं ओढलंस?"

"नाही. बरोबर तेच ओढलं."

"मग झालं तर," आई म्हणाली. "हा कुठला न्याय?"

"न्याय बरोबर आहे," बाबा म्हणाले. आता त्यांना व्यवस्थित ऐकू येत होतं. "आमच्या वर्कशॉपात एकानं आवळायचं, दुसऱ्यानं बघायचं. आवळणारा कितीही देवमाणूस असो. घाईत चांगल्या इंजिनाचाच गळा दाबलेली माणसं आहेत जगात. मग हवेत राहायला काय उरतं?"

तपासनीसही हेच म्हणाला होता, पण याहून थोडक्यात. त्याने पेन्सिल खाली ठेवली होती आणि म्हटलं होतं, आज तुमचं बरोबर होतं. आज. मग म्हणाला होता की आठ वर्षांत तुम्ही विसरला काहीच नाहीत, उलट एक गोष्ट जास्तीची शिकून आला आहात. ती काढून टाका आणि रविवारी या. रविवारी पुन्हा तसंच झालं, तर मला कंपनीला नाही म्हणून कळवावं लागेल. मग तिसऱ्यांदा कुणी बोलावत नाही.

ती जास्तीची गोष्ट कुठे शिकली, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं.

लेक वर्षाची होती तेव्हा. धुक्याने एक परकं शहर पांढऱ्या बोळ्याने बुजवावं तसं बंद करून टाकलं होतं, विमानं जागच्या जागी, आणि ही हॉटेलच्या खोलीत फोन कानाला लावून उभी. इकडे लेकीचा श्वास अडकलाय एवढाच निरोप मिळालेला, दवाखान्याची धावपळ, घरात फोन उचलायला कुणी नाही. घंटा वाजते आहे, वाजतेच आहे. पलीकडून उत्तर नाही. त्या घंटेच्या एकेका ठोक्यात तिने लेकीला गमावलं आणि पुढच्या ठोक्याला परत मिळवलं. सकाळी कळलं की बाळ बरं आहे. पण त्या दिवसापासून तिने कुणाच्या उत्तरासाठी थांबणं सोडलं. औषध तिनेच द्यायचं, रात्री कान तिनेच लावायचा, डॉक्टरांना तिनेच विचारायचं. नवरा खोलीत यायच्या आत सगळं झालेलं असायचं. तो दारात उभा राहायचा, रिकाम्या हातांनी, आणि परत जायचा.

"मास्तर, तुम्ही बोला," दादा म्हणाला. "उद्या ही चार-चार दिवस बाहेर असेल. पोरीचा दमा काय वेळ बघून येतो?"

"मी आहे ना," नवरा म्हणाला.

ते वाक्य टेबलावर ठेवल्या ठेवल्या गार होऊन गेलं. आणि भिंगरीला जाणवलं की ते उचलून घ्यायला तिचाही हात पुढे झाला नव्हता. नवऱ्यालाही ते जाणवलं. तो उठला आणि लेकीला म्हणाला, "चल, आत जाऊन चित्र पुरं करू." दोघं आतल्या खोलीत गेली. लेक बापाचं बोट धरून चालत होती. नऊ वर्षांची झाल्यापासून ती कुणाचं बोट धरत नसे, हे भिंगरीच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

ती बशा गोळा करून स्वयंपाकघरात गेली. आई आधीच नळापाशी उभी होती.

"मी तुला अडवत नाही," पाठ न वळवता आई म्हणाली.

"दादाला कुणी सांगितलं मग सगळ्यांना बोलवायला?"

"मीच." आईने नळ मोठा सोडला. "तू वर असायचीस ना, तेव्हा मी असाच नळ मोठा सोडायचे. भांडी नसली तरी. फोन वाजला तर ऐकू येऊ नये म्हणून. सारखं वाटायचं, फोन वाजला की संपलं. मग नळ बंद केला की वाटायचं, आपण ऐकला नाही, वाजून गेला असेल. कसं जगले मी ती वर्षं, माझं मला माहीत. तू घरी बसलीस तेव्हा सगळ्यांना वाईट वाटलं. मला झोप लागली."

भिंगरीने हातातल्या बशा ओट्यावर ठेवल्या.

"मग नको जाऊ का?"

"तसं म्हटलं का मी? मला भीती वाटते, एवढंच म्हटलं. ती वाटायलाही तुमची परवानगी लागते का?"

"मलाही वाटते, आई."

आईने नळ बंद केला. बाहेर एक विमान उतरायला निघालं होतं, आणि फडताळातल्या कपबशा एकमेकींना हलकेच लागत होत्या. दोघी तो आवाज विरेपर्यंत थांबल्या.

"कसली गं?" आईने विचारलं. "पडायची?"

"पडायची नाही. थांबायची. तो 'बरोबर' म्हणेपर्यंत जो वेळ जातो ना, त्या तेवढ्यात माझे हातपाय गळतात. वाटतं, उत्तर येणारच नाही."

बाबांनी बाहेरून हाक मारली. जेवणाच्या दोन खुर्च्या त्यांनी खिडकीकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या होत्या आणि डावीकडच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसले होते, ताठ, पाठ टेकवून. मध्ये स्टुलावर त्यांनी दोन मोठे चमचे पेल्यात उभे रोवले होते. हीच इंजिनांच्या कळांची जागा. वैमानिक असा सराव घरी करतातच, रिकाम्या खुर्चीत बसून, हवेत हात हलवत. ती गेला महिनाभर बाथरूममध्ये टबाच्या काठावर बसून करत होती, कुणी हसू नये म्हणून.

"बस, भिंगरी," बाबा म्हणाले. "मी कॅप्टन."

"पगार वाढला का रे तुझा?" आत्याने विचारलं.

दादा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता.

ती उजव्या खुर्चीत बसली. बाबांनी हवेतलं चाक धरलं. त्यांच्या हातांच्या भेगांमध्ये तेलाची काळी रेघ अजून होती, कुठल्याच साबणाने न गेलेली.

"उडालो," बाबा म्हणाले. "डावीकडून धडाका. इंजिन गेलं."

तिचा हात चमच्यावर गेला. "डावं इंजिन, बरोबर?" आणि चमचा खाली आला.

"मी अजून बघतोय," बाबा म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा चमचा आधी, बाबा नंतर. तिसऱ्यांदा तिने ओठ घट्ट दाबले, हात चमच्यावर ठेवला, विचारलं आणि थांबली. बाबांनी मान हळूहळू वळवली, म्हाताऱ्या माणसाची मान ती, तिला वेळ लागतो. कानात फोनची घंटा वाजू लागली, त्या पांढऱ्या शहरातली. चमचा खाली आला होता. तिने ओढला होता का? तिलाच कळलं नाही. हात आपला आपण गेला होता, झोपेतल्या माणसासारखा.

"माझ्याच्यानं होणार नाही," ती म्हणाली.

दादाने हाताची घडी सोडली. त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि आपल्याला तसं वाटलं याची लाजही. "अगं, त्यात काय मोठंसं," तो मऊपणे म्हणायला लागला. "शिकवणं काय कमी..."

तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला.

खोकला कोरडा, तुटक, आणि त्याच्या मागे ती बारीक शीळ. हा आवाज घरातल्या प्रत्येकाला पाठ होता. दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी शीळ. भिंगरी खुर्चीतून उठली ती कशी उठली तिला आठवत नाही. खुर्ची मागे पडली.

लेक पलंगावर उशांना टेकून बसली होती. खांदे वर चढलेले. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, कुणी आतून दोरी धरल्यासारखा. नवरा समोर गुडघ्यांवर. औषध ओढायचं फुगीर नळकांडं आणि त्याचा मास्क शेजारी, निळा इन्हेलर त्याच्या मुठीत.

"दे इकडे." भिंगरीने मूठ उघडून इन्हेलर काढून घेतला, नळकांड्यात बसवला, हलवला, लेकीच्या तोंडाशी नेला.

"थांब," नवरा म्हणाला.

"सरक तू."

"थांब म्हणतोय ना. दिलाय मी."

तिचा अंगठा इन्हेलरवर होता. दाबायचाच राहिला होता.

"कधी?"

"आता. तू चमचे ओढत होतीस तेव्हा. ठरलेले सगळे डोस दिलेत, एकेक करून. आणि एकदा जेवायच्या आधीही दिलेत. सकाळपासून बसतेय तिची छाती. डॉक्टरांना फोन केला होता. पुढचा डोस केव्हा, ते त्यांनी सांगितलंय. ती वेळ अजून झालेली नाही."

"जेवायच्या आधी?" भिंगरी पलंगाच्या कडेला बसली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"मी नको म्हटलं," लेक म्हणाली. एका श्वासात तिला दोनच शब्द मावत होते. "तू... गेली नसतीस."

दारात सगळे गोळा झाले होते. आईने पडदे ओढून खिडकी उघडली. बाबा चौकट धरून उभे होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की भिंगरीला त्यांच्याकडे बघवेना. याच माणसाने तिला पहिल्यांदा कॉकपिटात उचलून बसवलं होतं, आणि इतकी वर्षं घरात तिची बाजू घेऊन एकटा भांडला होता तोही हाच.

"भिंगरी," बाबा म्हणाले, "आज नको जाऊस. माझं ऐक. आज राहू दे."

तिने दादाकडे पाहिलं. आता दादा बोलेल, आणि मग सगळं सोपं होईल. सगळे एका बाजूला आले की माणसाला ठरवावं लागत नाही.

पण दादा मास्तरांकडे बघत होता.

"मला विचार," नवरा म्हणाला.

"काय?"

"काहीही. आठ वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस. सांगतेस तरी, नाहीतर करून टाकतेस. आज विचार."

भिंगरीच्या मुठीत इन्हेलर होता. लेकीच्या छातीतली शीळ खोलीभर फिरत होती. प्रत्येक शीळ म्हणत होती, कर, कर, काहीतरी कर. तिने ओठ उघडले. शब्द फार लांबून यायचे होते.

"निळं औषध देऊन झालंय. आता थांबायचं. बरोबर?"

नवऱ्याने उत्तर लगेच दिलं नाही. तो लेकीच्या गळ्याकडे बघत होता, त्या खळग्याकडे, चित्रकार बघतो तसा, डोळे बारीक करून. एक श्वास. आणखी एक.

"बरोबर," तो म्हणाला. "मघापेक्षा कमी ओढतेय. श्वास मोजायच्या नळीत फुंकवलं, काटा पिवळ्यात आहे, लालमध्ये नाही. लाल झाला तर एक मिनिट घरात थांबणार नाही. आता ते दे मला."

तिने इन्हेलर त्याच्या तळहातावर ठेवला. मग बोटं सोडवावी लागली. एकेक करून.

"बाबा... चांगला देतो," लेक म्हणाली. "तू मास्क... फार दाबतेस. नाक... दुखतं."

हे भिंगरीला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलंही नव्हतं.

आई पुढे झाली आणि पलंगाच्या उशाशी बसली. नातीच्या पाठीवर हात ठेवून ती हळूच म्हणू लागली. आईच्या गाण्यांना चाल असायची, पण ती तिला कुणी शिकवलेली नसायची. हाताला येईल ते शब्द ती एकमेकांना जोडायची.

"ये गं ये गं झुळुके, दार आहे उघडं, आत निजलंय फुलपाखरू, पाऊल टाक थोडं."

एक ओळ आत घ्यायची, एक ओळ बाहेर सोडायची. लेक डोळे मिटून आजीच्या ओळीला श्वास बांधत होती. बांधला जात होता, सुटत होता, पुन्हा बांधला जात होता.

"मला निघायला हवं, दादा," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मला सोडायला येशील?"

"नाही," दादा म्हणाला.

बाबांनी मान खाली घातली.

"गाडी इथेच लागेल," दादा म्हणाला. "तोंड रस्त्याकडे करून लावतो, किल्ली घालून बसतो आत. मास्तरांनी हाक मारली की निघालो. तुला टॅक्सी करावी लागेल." आणि मग, जरा रागानेच, "तू जावंस असं माझं अजूनही मत नाही. उगाच गैरसमज नको."

"नाही करून घेत," भिंगरी म्हणाली.

लेकीच्या कपाळावर ओठ टेकले तेव्हा कपाळ ओलं आणि गार लागलं. त्या क्षणी ती पुन्हा बसणार होती. गुडघा वाकलाही होता. आत्याने दंडाला धरून तिला उभं केलं, दारापर्यंत नेलं आणि पायात चपला घालायला लावल्या, लहान मुलीला लावतात तशा.

"मागं वळून बघू नकोस," जिन्यात आत्या म्हणाली. "बघितलंस तर मीच तुला परत नेईन. माझा काही भरवसा नाही. मलाही ती शीळ ऐकू येतेय."

ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होती. का येत नव्हती, आणि दोघींना नुसतीच वाटत होती?

सिम्युलेटरच्या दाराबाहेर लोखंडी कप्पे होते. फोन आत न्यायची परवानगी नव्हती. तिने कप्प्यात ठेवण्याआधी पाहिलं. नवऱ्याचा निरोप आला होता. अजून पिवळ्यातच, तू आत जा. एवढाच. हिरव्यात नाही आणि लालमध्येही नाही. तिने कप्प्याला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. खिसा जड झाला.

कॅप्टन तिच्याहून तरुण होता. ती उडणं सोडून घरी बसली तेव्हा हा शाळेत असेल. "नमस्कार, मॅडम," म्हणून त्याने पट्टे आवळले. मागे तपासनीस बसला. दार बंद झालं, पायांवरचा तो डबा उसळला, आणि समोर खोट्या संध्याकाळी खोटी धावपट्टी उजळली.

"वेग ऐंशी," तिने पुकारलं.

"ऐकलं," कॅप्टन म्हणाला.

नाक उचललं गेलं, जमीन सुटली. आणि लगेच धडाका. दिवे लाल. विमानाने एका बाजूला तोंड फिरवलं, कॅप्टनने पाय रोवून ते सरळ धरलं. घंटा वाजू लागली. तीच ती घंटा. लेक, खळगा, शीळ, किल्ली, सगळं एकदम. तिचा हात कळांवर गेला आणि एका कळीवर बसला.

"उजवं इंजिन," ती म्हणाली. "बरोबर?"

उत्तर नाही. कॅप्टनचे डोळे काट्यांवर होते. घंटा वाजत होती. बोटं ओढायला निघाली होती, ती तिला दिसत होती, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. तिने हात कळीवर तसाच ठेवला. ती थांबली. जग संपत असलं तरी आता ते या माणसाने बघेपर्यंत संपू दे, असं म्हणत थांबली.

"नाही," कॅप्टन म्हणाला. "डावं गेलंय."

तिने काट्यांकडे पाहिलं. डावं गेलं होतं. उजवं धडधाकट होतं, तेवढं एकच त्यांना वर धरून होतं, आणि तिचा हात त्याच्याच गळ्यावर होता.

तिने हात उचलला, पलीकडे नेला.

"डावं इंजिन," ती म्हणाली. "बरोबर?"

"बरोबर."

तिने कळ ओढली. घंटा बंद पडली. विमान एका इंजिनावर, अंग जरा वाकडं करून, दमा झालेल्या माणसासारखं रखडत वर चढू लागलं. बाहेर कुलूप लावलेल्या कप्प्यात तिचा फोन वाजत असेल, किंवा नसेल. तिने पुढची कळ शोधली, त्यावर हात ठेवला, विचारलं, आणि पुन्हा थांबली.